'क्रेडिट' हा एक शब्द पक्का करा, स्पोकन इंग्लिशचा क्लास नंतर लावा



"सर, धंदा करायचाय, पण इंग्रजी येत नाही. कुठला क्लास लावू?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझं मत सरळ आहे, काहींना ते पटणार नाही. छोट्या धंद्यासाठी फाडफाड इंग्रजी बोलता यायची काहीही गरज नाही. गिऱ्हाईक मराठीत बोलतं, होलसेलवाला हिंदी-मराठीत बोलतो आणि आपल्या भागातला बँकेचा माणूसही समजावून सांगायला लागला की मराठीवरच येतो. अडचण बोलण्याची नाहीच. अडचण आहे ती पैशाला चिकटलेल्या पंधरा-वीस इंग्रजी शब्दांची. हे शब्द आपण रोज वापरतो, त्यामुळे ते आपल्याला येतात असं वाटतं. सहा महिन्यांचा क्लास करून टेन्स पाठ होतील, पण हे शब्द तिथे कोणी शिकवत नाही.

व्हिडिओत वेळेअभावी जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितोय. आज एकच शब्द घेऊ. क्रेडिट.

तुमचा एक दिवस बघा. सकाळी मोबाईलवर बँकेचा मेसेज येतो, अमुक रक्कम क्रेडिट झाली. दुपारी पॅकिंग मटेरियलवाला फोनवर म्हणतो, "30 दिवसांचं क्रेडिट देतो, माल उचला." चार वाजता सीए सांगतो, "त्या बिलाचं क्रेडिट मिळणार नाही." संध्याकाळी बँकेत साहेब विचारतात, "तुमचं क्रेडिट कसं आहे?" चौघांनी एकच शब्द वापरला, चौघांचा अर्थ वेगळा होता आणि आपण चारही वेळा "हो हो" म्हणून मान डोलावली. मला भीती वाटते ती या "हो हो"ची. एकेका होकारात पाच-दहा हजार सहज जातात आणि ते कुठे गेले ते कळतसुद्धा नाही.

आधी शब्दाचं मूळ बघू, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. क्रेडिट हा शब्द लॅटिन भाषेतून आला, तिथे त्याच्या मूळ धातूचा अर्थ आहे विश्वास ठेवणे. आपल्याकडे याला फार सुंदर शब्द आहे, तो म्हणजे पत. पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा हे सगळे शब्द त्याच घरातले. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण आपण बातम्यांत ऐकतो तेही तेच. "बाजारात त्याची पत आहे" असं म्हातारी माणसं म्हणायची, त्याचा अर्थ एवढाच की हा माणूस आज पैसे न देता माल घेऊन गेला तरी उद्या देईल असा समोरच्याला विश्वास आहे. क्रेडिटच्या प्रत्येक अर्थात कोणीतरी कोणावर तरी विश्वास टाकलेला असतो. तेव्हा शब्द कानावर पडला की स्वतःला विचारायचं, इथे विश्वास कोणी कोणावर टाकलाय? उत्तर मिळालं की अर्थ कळतो.

आता बँकेचा मेसेज घ्या. खात्यात क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे नावे. हे सगळ्यांना माहीत आहे. पण टॅली शिकायला बसलात की पहिल्याच दिवशी गोंधळ होतो. पासबुकात 10,000 क्रेडिट दिसतात आणि टॅलीत तेच 10,000 बँकेच्या खात्यात डेबिटला टाकायला सांगतात. माणूस चक्रावतो. खरं तर दोन्ही बरोबर आहेत, कारण वह्या दोन आहेत. पासबुक ही बँकेची वही. त्यांच्या वहीत ते म्हणतात, या माणसाचे 10,000 आमच्याकडे जमा, म्हणजे आम्ही त्याचं देणं लागतो. टॅली ही तुमची वही. तुमच्या वहीत तुम्ही म्हणता, माझे 10,000 बँकेकडे आहेत, म्हणजे बँकेच्या नावे. जुने मुनीम 'नावे' हा शब्द वापरायचे तो याचसाठी. पैसे ज्याच्याकडून येणं, त्याच्या नावे. एवढं लक्षात ठेवलं तर अर्धं अकाउंटिंग डोक्यात बसतं. माझ्या मते डेबिट-क्रेडिटचे तीन सोनेरी नियम घोकण्यापेक्षा हे बरं.

त्याच मेसेजबद्दल आणखी एक. काउंटरवर गर्दी असताना गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून दाखवतं, "पैसे गेले बघा." त्याच्या मोबाईलवर काय दिसतं याला काही अर्थ नाही. तुमच्या खात्यात क्रेडिट झालं का, ते तुमच्या ॲपमध्ये किंवा साउंडबॉक्सवरच बघायचं. खोटे स्क्रीनशॉट आणि खोटे मेसेज बनवणं आता पोरखेळ झालाय. आणि "तुमच्या खात्यात क्रेडिट करतोय, पिन टाका" असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.

आता खरा महत्त्वाचा अर्थ, उधारी. सप्लायर तुम्हाला 30 दिवसांचं क्रेडिट देतो म्हणजे माल आज, पैसे 30 दिवसांनी. आपल्याला वाटतं, वा, बिनव्याजी पैसे मिळाले! थांबा. त्याच सप्लायरला विचारा, "रोख दिले तर किती कमी करणार?" समजा बिल 50,000 चं आहे आणि 10 दिवसांत दिलं तर तो 2 टक्के सोडतो. म्हणजे दहाव्या दिवशी 49,000 द्यायचे किंवा तिसाव्या दिवशी 50,000. मधल्या 20 दिवसांसाठी 49,000 रुपये वापरायची किंमत तुम्ही मोजताय 1,000 रुपये. वर्षाच्या हिशेबाने हा दर सुमारे 37 टक्के होतो! बँकेचं कर्ज महाग म्हणून नाक मुरडणारा माणूस इथे 37 टक्क्यांनी पैसे वापरतो आणि वर म्हणतो, "आमचा सप्लायर चांगला आहे हो, व्याज घेत नाही." व्याज तो घेतोच, ते मालाच्या भावात घालून ठेवलेलं असतं. म्हणून भाव विचारताना नेहमी दोन भाव विचारायचे, रोखीचा आणि क्रेडिटचा.

याचा अर्थ उधारीवर माल घेऊच नये असा नाही. काही ट्रेनर स्टेजवरून सांगतात, क्रेडिट वाईट, सगळा धंदा कॅशमध्येच करा. ऐकायला छान वाटतं. पण दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी घेणारीला कच्चा माल आज लागतो आणि पैसे तीन आठवड्यांनी येतात. तिला क्रेडिट घ्यावंच लागणार. प्रश्न एवढाच की ते किती दिवसांचं, कुठल्या तारखेपासून आणि केवढ्याला.

तारखेचा मुद्दा पक्का लक्षात घ्या. 30 दिवस कशापासून मोजायचे? बिलाच्या तारखेपासून, माल पोचला त्या दिवसापासून की महिना संपल्यापासून? तिन्ही पद्धती बाजारात चालतात. व्हॉट्सॲपवर नुसतं "गिव्ह क्रेडिट" लिहू नका. "30 डेज क्रेडिट फ्रॉम इन्व्हॉइस डेट" असं लिहा, किंवा सरळ मराठीत लिहा, "बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांनी पेमेंट करेन." समोरून "ओके" आलं की तो मेसेज जपून ठेवा. वापराचंही सांगून टाकतो. माल उधारीवर घेतला हे सांगताना 'ऑन क्रेडिट' म्हणतात. 'इन क्रेडिट' म्हणजे उधारीत नव्हे, बरोब्बर उलट, खात्यात आपली शिल्लक आहे. आणि 'टू हिज क्रेडिट' म्हणजे त्याला श्रेय द्यायला हवं. हा श्रेयाचा अर्थ आपण मराठीतसुद्धा वापरतो, "क्रेडिट तो घेऊन गेला" म्हणतो ना, तोच. भागीदारीत त्यावरून जितकी भांडणं होतात तितकी पैशावरूनही होत नसतील, पण तो वेगळा विषय आहे.

आता उलट बाजू. तुम्ही क्रेडिट देता तेव्हा काय? दुकानात आपण "आज रोख, उद्या उधार" अशी पाटी लावतो आणि मोठ्या कंपनीची ऑर्डर आली की 90 दिवसांची उधारी हसत हसत मान्य करतो. तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल, तुम्ही वस्तू बनवत असाल किंवा सेवा देत असाल आणि उद्यम नोंदणी केलेली असेल, तर 2006 चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराला माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रारीसाठी 2017 पासून समाधान पोर्टल आहे. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली तरी उशिरा पेमेंटचं हे संरक्षण मिळत नाही, हे बरेच एजंट सांगत नाहीत.

"पण सर, तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल." खरं आहे. म्हणूनच मी म्हणतो, कायदा भांडायला काढू नका, ऑर्डर घेताना काढा. बिलावर उद्यम नंबर छापा आणि खाली एक ओळ टाका, पेमेंट 45 दिवसांच्या आत. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकराचा नियमही असा आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये त्याचा सीएच त्याला तुमच्या बिलाची आठवण करून देतो. तुमच्या बिलावर नंबर असेल तर!

जीएसटीतलं क्रेडिट मात्र उधारीही नाही आणि खात्यातली जमाही नाही. इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करून घ्यायचा हक्क. तुम्ही 1,00,000 चा माल घेतला, 18 टक्क्यांनी 18,000 कर दिला. तोच 1,30,000 ला विकला, 23,400 कर गोळा केला. सरकारला भरायचे फक्त 5,400. हे 18,000 कोणी तुमच्या हातात ठेवत नाही, ते पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरमध्ये असतात आणि तिथून करच भरता येतो. भाडं, पगार, लाइटबिल त्यातून देता येत नाही. म्हणून पोर्टलवर 'क्रेडिट बॅलन्स 40,000' दिसला म्हणून खुश होऊन नवीन मशीनचा ॲडव्हान्स देऊन बसू नका.

इथेही विश्वासाचा प्रश्न विचारून बघा. तुम्ही सप्लायरवर विश्वास टाकलाय की तो त्याचं रिटर्न भरेल आणि तुमचं बिल चढवेल. त्याने चढवलं नाही तर तुमच्या जीएसटीआर-2बी मध्ये ते दिसत नाही आणि क्रेडिट घेता येत नाही. म्हणजे 18,000 तुम्ही त्याला दिलेत आणि आता सरकारलाही पूर्ण 23,400 द्यायचेत. दोन टक्के स्वस्त मिळतं म्हणून रिटर्न न भरणाऱ्याकडून माल घेणं कितीला पडतं ते यातून दिसेल. आणि उधारी इथेही आडवी येते. सप्लायरचं बिल 180 दिवसांत चुकतं केलं नाही तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर क्रेडिट घेताही येत नाही आणि तुमच्या गिऱ्हाइकालाही देता येत नाही. किरकोळ विक्री असेल तर फरक पडत नाही, पण कंपन्यांना माल विकायचा असेल तर स्कीम निवडण्याआधी हा विचार करा.

क्रेडिट नोट पटकन उरकतो. ती नोट म्हणजे पैसे नव्हेत. माल परत आला किंवा बिल जास्त लागलं तर विकणारा लिहून देतो की एवढी रक्कम तुमच्या नावावर जमा धरली. जीएसटीत त्या आर्थिक वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी असेल तोपर्यंत, ती दाखवावी लागते. परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट मागून घ्या. "पुढच्या बिलात बघू" यावर थांबू नका.

आता योजना. 'क्रेडिट लिंक्ड सबसिडी' हे तीन शब्द आपल्याकडे उलट क्रमाने ऐकले जातात. आपण फक्त सबसिडी ऐकतो. पीएमईजीपी किंवा आपल्या राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हीत अनुदान कर्जाला जोडलेलं असतं. आधी बँकेला तुमचा प्रकल्प पटायला हवा, आधी कर्ज मंजूर व्हायला हवं, मग अनुदान. पीएमईजीपीत तर ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते आणि धंदा नीट चालू असेल तर मग कर्जात वळती होते. "35 टक्के फुकट मिळतात" असं सांगून फाइलचे पैसे घेणारा जो कोणी असेल त्याला विचारा, यात क्रेडिट या शब्दाचा अर्थ काय?

'क्रेडिट गॅरंटी'चंही तसंच. सीजीटीएमएसई हा ट्रस्ट केंद्र सरकार आणि सिडबीने 2000 साली स्थापन केला. तारण नसलेल्या छोट्या उद्योजकाला बँकेने कर्ज द्यावं म्हणून तो हमी देतो. पण हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. कर्ज बुडालं तर ट्रस्ट बँकेला ठरलेला भाग देतो आणि बँक तुमच्याकडून वसुली चालूच ठेवते. "सरकारने गॅरंटी घेतलीय, आपल्याला काय" हे वाक्य कट्ट्यावर ऐकलं असेल तर विसरून जा.

कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, हा माझ्या मते छोट्या उद्योजकासाठी सर्वात उपयोगी आणि सर्वात चुकीचा समजला गेलेला प्रकार. 5 लाखांची सीसी मंजूर झाली म्हणजे 5 लाख मिळाले असं नाही. 5 लाखांपर्यंत वापरायची मुभा मिळाली. वापराल तेवढ्यावरच व्याज. समजा दर 11 टक्के आणि महिनाभर 2 लाख वापरलेत, तर व्याज सुमारे 1,833 रुपये. तेच 5 लाखांचं सरळ कर्ज उचललं असतंत तर पहिल्या महिन्यात साधारण 4,583. शिवाय किती उचलता येईल हे तुमच्या मालावर ठरतं. गोदामात 4 लाखांचा माल आहे, त्यातला 1 लाखाचा माल सप्लायरच्या उधारीवरचा आहे. बँक तो वजा करते, उरलेल्या 3 लाखांतून समजा 25 टक्के मार्जिन कापते आणि तुम्हाला 2,25,000 पर्यंतच उचलू देते. बघा, एका क्रेडिटने दुसरं क्रेडिट कसं कमी केलं! म्हणून स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला खरं आणि वेळेवर द्यायचं, आणि विक्रीचे पैसे त्याच खात्यातून फिरवायचे. सीसी काढून त्यातून गाडी घेणारे लोक आहेत. त्यांचं खाते कायम लिमिटला टेकलेलं असतं आणि सलग 90 दिवस लिमिटच्या वर राहिलं की ते एनपीएत जातं.

राहिला बँकेतल्या साहेबांचा प्रश्न, तुमचं क्रेडिट कसं आहे? इथे ते पत विचारतायत, म्हणजे तुमचा क्रेडिट रिपोर्ट. लोक त्याला सरसकट सिबिल म्हणतात, पण आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणजे वर्षात चार वेळा तुम्ही स्वतःची पत एक रुपयाही न देता तपासू शकता. स्वतः तपासल्याने स्कोअर कमी होत नाही. कर्जासाठी पाच ठिकाणी अर्ज टाकत सुटलात तर मात्र होऊ शकतो.

रिपोर्ट हातात आला की स्कोअरच्या आकड्याआधी खात्यांची यादी बघा. मेहुण्याच्या ट्रॅक्टरसाठी जामीन राहिला असाल तर तेही कर्ज तिथे दिसतं आणि त्याने हप्ते चुकवले की डाग तुमच्याही नावावर येतो. कधीच फेडून टाकलेलं कर्ज अजून चालू दाखवत असेल, तर त्या कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवा आणि बँकेकडून मिळालेला नो ड्यूजचा दाखला जोडा. 30 दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची, असा नियम रिझर्व्ह बँकेने 2023 साली काढला आणि तो 2024 पासून लागू आहे. त्यामुळे तक्रारीचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. आणि हे काम कर्ज लागायच्या दोन-तीन महिने आधी करा, फाइल बँकेत टाकल्यावर नाही.